उमरबोडीचे बारा शब्द

१

तिसरं कुलूप निघालं, पेटीचं झाकण कुरकुरत वर गेलं आणि नाजियाच्या तोंडून "या अल्लाह!" एवढंच बाहेर पडलं. आत बचत गटाचं रजिस्टर होतं, रबरी शिक्का होता, कोण्या लग्नात उरलेल्या चार सुपाऱ्या आणि एक अडकित्ता होता. ज्या कागदासाठी हा सगळा खटाटोप, तो कागद मात्र नव्हता.

वहाब कुलूपवाल्याला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर टिनाच्या शेडखाली बसून त्याने चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडली होती, आणि उघडलेल्या पेटीत माणसाला हवं ते क्वचितच सापडतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचं एक ठाम मत होतं, जे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कामासोबत फुकट देत असे. "किल्ली कदी हरपत नसते भाऊ. कोनी तरी ते जपून ठेवली असते. हरपते तो मानूस."

सकाळी नाजिया नावाची ही पोरगी चंद्रपूरहून स्कूटी हाणत त्याच्या दुकानी आली. उमरबोडीच्या अकरा बायांच्या गटाची पेटी उघडायची होती आणि तीनपैकी एक किल्ली गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, बुडाली होती. वहाबने खिळ्यावरचं ‘उमरबोडी’ लिहिलेलं पाकीट काढलं. गटाची अध्यक्षीण अन्नपूर्णाबाई हिने जूनमध्येच ते त्याच्यापाशी ठेवायला दिलं होतं आणि त्यात डुप्लिकेट किल्ली होती.

पेटीची पद्धत वहाबला माहीत होती, कारण ती कुलपं त्याच्याच दुकानातली. पेटी अध्यक्षिणीच्या घरी आणि किल्ल्या दुसऱ्या तिघींच्या घरी. एकीच्या मनात पाप आलं, तरी तिघींच्या मनात ते एकाच दिवशी यायला हवं. उमरबोडीत तिघींचं एकाच दिवशी कशावरही एकमत झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, त्यामुळे पेटी सुरक्षित होती.

तिसऱ्या कुलपात मात्र धानाचा भुसा जाऊन बसला होता. वहाबने पिशवीतून आपली लाडकी प्लास्टिकची पट्टी काढली. बोटभर लांब, टणक, मळून काळी झालेली, एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी. ती कुठून आली हे त्याला आठवत नव्हतं, त्याची निम्मी हत्यारं अशीच बिनवारशी आलेली होती. भोकातला भुसा काढायला तिच्यासारखी चीज नव्हती. कुलूप निघालं आणि पट्टी त्यातच अडकून राहिली, तिच्याकडे बघायला आता कोणाला सवड नव्हती.

"चाचा, चोरी झाली," नाजिया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी सोता माह्या डोळ्यानं कागद या पेटीत ठेवताना पाह्यला."

वहाबने तिन्ही कुलपं उलटसुलट करून पाहिली. एकावरही ओरखडा नव्हता. घरधनीण अन्नपूर्णाबाई तिथेच सूप पाखडत बसली होती, तिने मानही वर केली नाही. मग त्याने चष्मा नाकावर घेतला आणि पेटीच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला नखाएवढे पारदर्शक प्लास्टिकचे चार-पाच कपटे चिकटून आले.

"चोरी झाली म्हन्ते तू," तो म्हणाला, "पन कुलपं तं नाई म्हनून राह्यले."

२

आता त्या कागदात असं काय होतं, हे वहाबलाही समजायला अर्धा तास लागला. नाजियाने त्याला ओसरीत बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं.

गावात मोहरकाडी नावाचं एक जुनं वासाचं धान होतं. तीस वर्षांपूर्वी सगळ्यांनी नवं बियाणं धरलं तेव्हा सुगंधाबाई नावाच्या एकाच बाईने ते आपल्या अर्ध्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लावत ठेवलं. लोक हसले. आता तेच धान अकरा बाया लावत होत्या, आणि उद्या अकरा वाजता पुण्याची माणसं ते घ्यायला येणार होती. त्यांना हवा होता पुरावा. पोतडीवरचा चौकोन मोबाइलने टिपला की कोणाच्या बांधीतलं धान, कोणी जपलेलं बियाणं, हे सगळं दिसायला हवं. त्यासाठी नाजियाच्या कंपनीने ‘धानसाखळी’ नावाचं ॲप काढलं होतं. ते ब्लॉकचेनवर चालत होतं.

"ते काय असते?" वहाबने विचारलं.

"असं समजा चाचा, एक वही आहे. तिच्या हजार नकला हजार घरी. एकानं आपल्या वहीत खोडलं तं बाकीचे नवशे नव्यान्नव बोंबलतेत, का आमच्या वहीत तं असं नाई."

"त्याले ब्लॉकचेन कायले म्हन्ता? आमी त्याले हापशी म्हन्तो. तिथी एकदा गेलेली गोष्ट कोनाच्या बापाले पुसता येत नाई."

नाजियाला हसू आलं नाही, पण पुढल्या वेळी हेच उदाहरण द्यायचं असं तिने मनात टिपून ठेवलं. तिचं कामच ते होतं. कंपनीने तिला घेतलं होतं ते हे यंत्र साध्या माणसाला पेलेल असं करायला. ‘वॉलेट’ शब्द बायांना कळेना, कारण त्यात पैसे नव्हते. तिने तिथे ‘ढोली’ लिहिलं, धान भरायची बांबूची ढोली असते ती. ‘गॅस’ म्हणून एक प्रकार होता, प्रत्येक नोंदीचं शुल्क, त्यावर दोघीजणी सिलिंडर संपल्याचं सांगत आल्या, तेव्हा तिने तो शब्दच उडवला. सगळं सोपं झालं. एकच दार तिला सोपं करता आलं नाही.

"ढोलीची किल्ली म्हनजे बारा शब्द. मोबाइल बिघडला तं नव्या मोबाइलात तेच बारा शब्द, त्याच ओळीनं टाकाचे. मगच ढोली उघडते. शब्द गेले तं संपलं. कंपनीच्या मालकालेबी उघडता येत नाई."

"कोनालेच नाई?"

"कोनालेच नाई. तेच तं त्याचं मोठेपन आहे."

वहाबने चाळीस वर्षांत असं कुलूप पाहिलं नव्हतं. ज्याने बनवलं त्यालाही उघडता येत नाही, अशा वस्तूला त्याच्या दुकानात भंगार म्हणत. पण पोरीचं तोंड बघून त्याने नुसता चष्मा पुसला.

चार दिवसांपूर्वी गटाचा मोबाइल बोडीत पडला. दोरीला बांधलेली किल्लीही त्याच्यासोबत गेली. नाजिया नवा मोबाइल घेऊन आली होती, पण बारा शब्दांचा तो लॅमिनेशन केलेला कागद गायब. या हंगामाची नोंद उद्यापर्यंत झाली नाही तर पुण्याची माणसं हात हलवत परत जाणार, आणि मोहरकाडी मिलच्या ढिगात जाऊन नुसतं धान होणार. पोतडीवर सुगंधाबाईचं नाव येणार नाही.

"त्या बाईले मी म्हनलं होतं चाचा, तुमचं नाव पुन्यात वाचतीन. तवा ते दिवसभर हासत होती."

वहाबने ओसरीतून बाहेर पाहिलं. ऊन आंब्याच्या बुंध्याला टेकलं होतं. पाच वाजल्यानंतर उमरबोडी ते सिंदेवाही रस्ता वाघाचा असतो, त्याबद्दल वनखात्याने पाटी लावली होती आणि वाघाने ती मान्य केली होती. हातात तीन तास होते.

"चाल," तो उठला. "कोनाकोनाले इचाराचं?"

३

पहिला संशय गावातल्या कोणालाही आला असता तो रामाजीचा. रामाजी मिलसाठी धान गोळा करत असे, आणि नाव नसलेलं धान त्याच्या फार सोयीचं. तो पानाच्या ठेल्यावर सापडला.

"कागद?" रामाजीने पिंक टाकली. "खोटं कायले सांगू वहाबभाऊ, मीच मांगतला होता. आठ दिवस झाले. म्हनलं द्या दाखवून, काय एवढं लिवलं आहे. अन्नपूर्णा म्हन्ते, कोनते शब्द? आमच्यापाशी काई शब्द नाईत. गटातल्या सोनीबाईले इचारलं, तेबी तेच. दिव्यानीले इचारलं, तेबी तेच. पोपट पाळले का काय गावानं!"

"अन् मंग?"

"मंग काय? मले वाटलं, मलेच भरम झाला. घरी जाऊन निजलो."

नाजियाला तो खोटं बोलतोय असं वाटलं. वहाबला उलट वाटलं, कारण खोटं बोलणारा माणूस एवढा अपमान स्वतःहून सांगत नाही.

दुसरा संशयित अन्नपूर्णाबाईचा नवरा गोपाल. पेटी त्याच्याच घरी. हा दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाचं काम करी, आणि सध्या हंगाम असल्याने घरातही खलनायकासारखाच वावरत होता. वहाबने नुसतं "गोपालभाऊ, त्या मोबाइलचं…" एवढं म्हटलं, तोच गोपाल गोठ्याच्या खांबाला टेकला, एक हात कपाळावर गेला.

"होय! होय, मीच तो पापी!"

नाजियाने श्वास रोखला. गाईनेही रवंथ थांबवला.

"मीच त्या निष्पाप जिवाले जलसमाधी देल्ली! डायलॉग रेकाड कराले नेला होता बोडीवर. ‘तुझी चिता मी माझ्या हाताने पेटवीन’ म्हनताना हात असा वर गेला…" त्याने हात वर नेऊन दाखवला, "अन् मोबाइल गेला. बायकोले सांगू नका भाऊ. तिले वाटते दिव्यानीच्या हातून पडला."

"दिव्यानी काई बोलली नाई?"

"तिले मी नाटकाचे दोन पास देल्ले."

"अन् कागद?"

गोपालचा खलनायक एकदम उतरला. "पेटीले तीन कुलपं आहेत भाऊ. मले माह्या घरातली साखर भेटत नाई, कागद कुठून भेटन?"

मोबाइलचं कोडं सुटलं आणि कागदाचं आणखी घट्ट झालं.

४

दिव्यानी बीए झालेली, गटाचं लिहिण्याचं काम आणि मोबाइल तिच्याकडे. तिने मोबाइलबद्दल खालमानेने सगळं कबूल केलं. कागदाचं नाव काढताच तिची मान ताठ झाली. "कोनते शब्द, बाई? आमच्यापाशी काई शब्द नाईत."

"दिव्यानी, अगं मी नाजिया!"

"होय ना. म्हनूनच."

सोनीबाई शेण थापत होती. तिनेही हात न थांबवता तेच वाक्य म्हटलं. अन्नपूर्णाबाईने तर चहा दिला, सुपारी कातरली, वहाबच्या बायकोच्या, शमसुन्निसाच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि शब्दांचा विषय निघताच तीच टेप वाजवली. वर वहाबकडे बघून ती बारीक हसली. वहाबला त्या हसण्याचा अर्थ लागेना.

शेवटी सुगंधाबाई. सत्तरी ओलांडलेली, चुलीपुढे बसलेली. वहाब दारातून वाकून आत शिरला तशी तिने घाईघाईने चुलीपुढची राख तळहाताने सारखी केली. उजव्या हाताची तर्जनी राखेने पांढरी झाली होती.

"बाई, तुमचं नाव येनार होतं पोतडीवर," नाजिया तिच्यापुढे बसली, आणि तिचा आवाज खरोखर फुटला. "कागद नाई भेटला तं नाई येनार. मी हात जोडतो. तुमाले काई म्हाईत असन तं सांगा."

म्हातारीने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. हात पदराच्या टोकाशी गेला, तिथल्या गाठीवर थांबला. वहाबला वाटलं, आता बोलणार.

"कोनते शब्द, बाई?" सुगंधाबाई म्हणाली. "आमच्यापाशी काई शब्द नाईत." मग ती वहाबकडे वळून कौतुकाने म्हणाली, "रडते बाकी चांगली. गोपाल्यापेक्षा बरी."

वहाब बाहेर आला आणि एकदम थांबला. नाजिया त्याच्यावर आदळता आदळता राहिली.

"बेटा," तो म्हणाला, "जूनमदी तू या बायायले शिकवलं तवा नेमकं काय बोलली होती? एक शबद इकडचा तिकडं न करता सांग."

नाजियाने आठवून सांगितलं. हे बारा शब्द कोणालाही सांगायचे नाहीत. नवऱ्याला नाही, सरपंचाला नाही. कंपनीचा माणूस म्हणून कोणी मागायला आला तर तो चोर समजायचा. "आनि… मीबी मांगतले तरी देऊ नका, असं म्हनलं. म्हनलं, मी रडले तरी नाई."

बोलता बोलता तिचा चेहरा पडला.

"गटातल्या बायायले बोलाव," वहाब म्हणाला. "सगळ्यायले. चोर सापडला."

५

चार वाजता अन्नपूर्णाबाईच्या ओसरीत अकरा बाया जमल्या. दारात रामाजी, खांबाजवळ गोपाल. वहाबने पेटी पुढे ओढली. एवढ्या लोकांपुढे तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, पण बोलायला लागल्यावर त्याला बरं वाटू लागलं.

"गावात कोंबडी चोरीले गेली तं काय होते?" त्याने विचारलं. "हापशीवर शिव्या होते. पाच घरायवर संशय येते. देवाले नारळ बोलते. इथी एवढा मोलाचा कागद गेला, अन् एका बाईनं आवाज नाई काहाडला. पेटी उघडली तवा अन्नपूर्णाबाई, तुमी आत वाकूनबी नाई पाह्यलं. म्हनजे तुमाले म्हाईत होतं, आत कागद नाई."

अन्नपूर्णाबाई चुळबुळली.

"दुसरी गोष्ट. रामाजीभाऊले आठ दिवसाआंदी जे उत्तर भेटलं, तेच आमाले आज चार घरी भेटलं. एकाच वाक्यात. खोटं बोलनारे चार जन चार परकारचं खोटं बोलतेत. एकसारखं बोलते ते पाठ केलेलं असते. अन् पाठ कोनं करून घेतलं?" त्याने नाजियाकडे बोट केलं. "या मास्तरनीनं. तुमाले वाटलं, पुन्याचे लोक याच्या आंदी पोरगी परीक्षा घेऊन राह्यली. व्हय का नाई?"

"मंग नाई तं काय!" सोनीबाई उसळली. "म्हने रडली तरी देऊ नका. अन् आल्या आल्या रडली. आमाले का येवढं समजत नाई?"

"मी खरंच रडत होते, सोनीबाई," नाजिया म्हणाली.

सुगंधाबाईने जीभ चावली.

"आता कागद कुठी गेला?" वहाब पुढे सरकला. त्याने कपटे तळहातावर धरले, मग पेटीतला अडकित्ता उचलला. त्याच्या पात्यातही तसाच एक कपटा अडकला होता. "हे लॅमिनेशनचे तुकडे. या गटाची रीत काय? पेटी एकीपाशी, किल्ल्या तिघीपाशी. सगळं एका हाती ठेवाचंच नाई. मंग कागद एका पेटीत ठेवनाऱ्या तुमी नाईच. नाजिया गेली, अन् तुमी अडकित्त्यानं त्याचे तुकडे केले. एक एक शबद एकएकीनं पदराच्या गाठीत बांधला. सुगंधाबाई मघाशी ते गाठ चाचपत होती. आता मी माहा डोया उघडा ठेवून पाहून राह्यलो, अकराच्या अकरा जनी चाचपून राह्यल्या."

अकरा हात गाठींवरून एकदम खाली आले.

नाजियाने कपाळावर हात मारून घेतला. मग ती उठली आणि हात न जोडता, न रडता, शिकवतानाच्या आवाजात म्हणाली, "मले शब्द नका सांगू. कोनालेच नका सांगू. नव्या मोबाइलात आपला आपला शब्द आपल्या हातानं टाका. मी भितीकडे तोंड करून बसतो."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. हे मात्र नियमात बसत होतं.

६

अडचण एकच उरली. ओळ. शब्द ज्या ओळीने छापले त्याच ओळीने टाकायचे, आणि कागदावर आकडे नव्हते. पुण्याच्या ज्या माणसाने कागद सजवला त्याला आकडे दिसायला बरे वाटले नव्हते.

"उलटे ठेवा," वहाब म्हणाला. "शबद खाली, पाठ वर. कोनी पाहू नका."

गाठी सुटल्या. चटईवर अकरा तुकडे उलटे पडले, आणि वहाब चवड्यांवर बसून त्यांच्या कडा न्याहाळू लागला. अडकित्त्याने कातरलेली प्रत्येक कड वेगळी होती, कुठे दात, कुठे खाच. हे त्याचं रोजचं काम. किल्लीच्या दातांकडे बघून कुलूप ओळखणाऱ्याला हे कितीसं अवघड? एक तुकडा दुसऱ्यात बसला, दुसरा तिसऱ्यात. तीन-तीनच्या चार ओळी होत आल्या. बाया पुढे वाकून बघत होत्या.

शेवटच्या ओळीत मधलीच जागा रिकामी राहिली.

"बारावा?" नाजियाने विचारलं. "बाया तं अकराच."

अकराही जणी वहाबकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात संशय नव्हता, फार मोठा आदर होता.

"काय पक्का मानूस!" अखेर अन्नपूर्णाबाईला राहवेना. "दिवसभर आमाले इचारून राह्यला, पन सोताचं नाव नाई घेतलं. आमी मनात म्हनलो, शिकावं तं वहाबभाऊपासून."

वहाबने रिकाम्या जागेकडे पाहिलं. बोटभर लांब, एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी. ती खाच त्याच्या ओळखीची होती. आजपासून नव्हे, जूनपासून. खिळ्यावरच्या पाकिटात किल्लीसोबत आणखी काहीतरी होतं, प्लास्टिकचं, त्यावर काहीतरी छापलेलं. देताना अन्नपूर्णाबाई ‘जपा’ एवढंच म्हणाली होती, त्याला वाटलं होतं वेष्टन असेल. पाच महिने त्याने त्या पट्टीने तालुक्यातल्या कुलपांचा मळ काढला होता.

"अकरा जनी अन् बारा शबद," अन्नपूर्णाबाई नाजियाला सांगत होती. "एक उरला. कोनापाशी ठेवाचा? नवऱ्यायपाशी तं ठेवता येत नाई. मंग सुगंधाबाईच म्हनली, जो मानूस सगळ्या गावाचे कुलपं उघडू शकते अन् कदी कोनाचं उघडलं नाई, त्याच्यापाशी ठेवा."

वहाबने पिशवी उपसली. पट्टी नव्हती. सदऱ्याचा खिसा, पायजम्याचा खिसा. नव्हती. गाडीवर येताना पडली का? आणि मग त्याची नजर पेटीवर गेली. तिसरं कुलूप कडीला लटकत होतं आणि त्याच्या भोकात ती पट्टी दुपारपासून उभी होती, सगळ्या गावासमोर.

त्याने ती अदबीने ओढून काढली, सदऱ्याला पुसली, उलटी केली आणि रिकाम्या जागेत ठेवली. दात दाताला लागला.

"कुलपातच ठेवली होती पाहा!" सोनीबाई शेजारणीला म्हणाली. "कोनाचं लक्षच नाई गेलं तिथी. याले म्हन्तेत अक्कल."

वहाबने काही खुलासा केला नाही. चाळीस वर्षांत आपल्या मताचा असा प्रत्यय त्याला कधी आला नव्हता, आणि आला तेव्हा तो बोलण्यासारखा नव्हता.

७

वहाबने पाठीवर एकापासून बारापर्यंत आकडे घातले. उलटा छाप सुलट कसा वाचायचा हे किल्लीवाल्याला शिकवावं लागत नाही. मग आतल्या खोलीत मोबाइल ठेवला, दाराला लुगडं लावलं आणि एक-एक जण आपला तुकडा मुठीत घेऊन आत गेली. नाजिया भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सातवा आकडा सुगंधाबाईचा निघाला, तशी नाजिया भिंतीकडे तोंड ठेवूनच तिच्या बाजूला सरकली. म्हातारी रजिस्टरवर अंगठा उठवत असे.

"बाई, तुमाले लिवता येते?"

"हा एकच येते," सुगंधाबाई म्हणाली. "रोज राखेत काहाडतो अन् पुसतो. जपाचं म्हनलं, तं आपन काय जपून राह्यलो ते तं म्हाईत पाह्यजे ना."

ती आत गेली. बराच वेळ लागला. कोणीही घाई केली नाही. नाजियाचं तोंड भिंतीकडे होतं ते बरंच झालं, कारण आता ती पुन्हा रडत होती आणि कोणी त्यावर विश्वास ठेवला नसता.

अकरावा आकडा वहाबचा. तो आत गेला, आपला मळका शब्द चष्म्यातून वाचला, टाकला आणि बाहेर आला. बारावी सोनीबाई. ती बाहेर येते न येते तोच आतून घंटीसारखा आवाज आला, आणि दिव्यानी धावत जाऊन मोबाइल घेऊन आली. पडद्यावर बांबूची ढोली उघडली होती. दिव्यानीने नोंद केली, आणि मोठ्याने वाचली. धान मोहरकाडी. गाव उमरबोडी. बियाणं जपणारी, सुगंधाबाई.

"आता हे कोनाले खोडता येत नाई?" सुगंधाबाईने विचारलं.

"कोनालेच नाई," नाजिया म्हणाली. "हापशीवर गेलं ते."

रामाजी दारातूनच निघून गेला. गोपालने टाळ्या वाजवल्या, मग बायकोची नजर त्याच्यावर आणि दिव्यानीच्या हातातल्या नाटकाच्या पासांवर गेल्याचं बघून त्याला अचानक तालमीची आठवण झाली.

परतीच्या वाटेवर ऊन कलत होतं आणि नाजिया स्कूटी जोरात हाणत होती. ती हरखली होती. कंपनीत एवढे शिकलेले लोक डोकं फोडत होते, की साध्या माणसाला किल्ली कशी सांभाळता येईल, आणि या बायांनी ते एका अडकित्त्याने सोडवलं. ती आजच लिहून पाठवणार होती. किल्ली एकाला देऊच नका, गावाला वाटून द्या. एखादा तुकडा हरवला तरी बाकीच्यांच्या भरवशावर उघडेल, एवढी सोय फक्त यंत्रात करा. आणि कृपा करून आकडे टाका.

मागे बसलेल्या वहाबने खिशातला रुमाल काढला, पट्टी त्याच्या टोकाशी ठेवली आणि वाऱ्यात धडपडत तिला गाठ मारली. एक मारली, मग दुसरी मारली. बसस्टँडवर उतरल्यावरही त्याचा हात खिशातच होता.

"चाचा," नाजियाने स्कूटी बंद केली. तिचे डोळे चमकत होते. "आता तं सगळं झालं. मले एकटीलेच सांगा ना, तुमचा शब्द कोनता होता?"

वहाबने शेडचं कुलूप काढलं, आत गेला आणि तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"कोनते शब्द, बाई?" तो म्हणाला. "आमच्यापाशी काई शब्द नाईत."